डाव्या चौकटीचं गाऱ्हाणं

घोडपदेवच्या आमच्या रामेश्वर चाळीने मुंबईला दोन नगरसेवक दिले, एक तबलजी दिला आणि बर्फावरच्या हॉकीचा एक गोली, म्हणजे गोलरक्षक, दिला. नगरसेवकांनी काय केलं ते सगळ्यांना ठाऊक आहे. तबलजी दुबईला गेला. राहिला गोली. त्याचं नाव हेरंब परुळेकर. त्याची टीव्हीवरची खुर्ची ज्या संध्याकाळी जायला आली, त्या संध्याकाळी मी त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसलो होतो, तेव्हा या प्रकरणात माझ्याइतका खात्रीचा माणूस तुम्हाला मिळायचा नाही. खोटं बोलायचं माझं वय गेलं. आता मी जे सांगतो ते फक्त थोडं वाढवून सांगतो.

आधी हा माणूस बर्फावर गेला कसा, ते ऐका.

कॉटन ग्रीनला गोदामांच्या मागे एक बर्फाचा कारखाना होता. वरून लाकडी घसरगुंडीवरून बर्फाच्या लाद्या सुटायच्या आणि खाली एक माणूस पाय रोवून त्या अडवायचा. न अडवली तर लादी थेट रस्त्यावर. हेरंबच्या आधी तिथे जो उभा राहायचा, त्याच्या पायांतून एकदा एक लादी निसटली, ती शिवडीच्या खाडीत जाऊन पडली, आणि त्या वर्षी फ्लेमिंगो दोन महिने उशिरा परत गेले. मग हेरंबला उभं केलं. त्यानंतर कारखाना बंद पडेपर्यंत एकही लादी रस्त्यावर आली नाही. नडग्या अशा झाल्या होत्या की चाळीतल्या बायका त्यावर नारळ फोडायचं म्हणायच्या.

एके दिवशी लेहच्या कुठल्याशा हॉटेलवाल्याने कारखान्याकडे बर्फ मागवला. बर्फ घेऊन लडाखला कोण जातं, असं तुम्ही विचाराल. आम्हीही विचारलं. पण तिथे एक लग्न होतं, नवरा-नवरीच्या मागे बर्फाचे हंस ठेवायचे होते, आणि तिकडचा बर्फ म्हणे दुधाळ. हंसाला काचेसारखी लादी लागते. हेरंब ट्रकबरोबर गेला. मुंबईतून निघताना लादी दरवाजाएवढी होती. पुढे थंडी लागत गेली तशी ती वाढत गेली. लेहला पोचल्यावर लादीतून ट्रक बाहेर काढण्यात अर्धा दिवस गेला.

तिथे गोठलेल्या तळ्यावर पोरं हॉकी खेळत होती. चेंडूच्या जागी एक काळी रबरी चकती, तिला म्हणतात पक. काठीने हाणली की बंदुकीतून सुटल्यासारखी येते. त्यांचा गोली त्याच लग्नाला जेवायला गेलेला. हेरंबने नडग्यांना गोणपाट बांधलं आणि चौकटीत उभा राहिला. संध्याकाळपर्यंत एक पक आत गेला नाही. पोरांनी विचारलं, कसं काय जमतं? हा म्हणाला, लादीपेक्षा हलका आहे.

मग तो तिथेच राहिला. देशाकडून खेळला. बर्फाच्छादित देशांत जाऊन उभा राहिला. कुठल्याशा सामन्यात पक दातांत धरला, आणि पंचाने मागितल्यावर पकाबरोबर दोन दातही परत दिले. अशी वर्षं गेली. शेवटी गुडघे गेले. तो चाळीत परत आला तेव्हा त्याने जिना चढायला घेतला की तळमजल्याला वाटायचं, वर कोणी चणे-कुरमुरे खातंय.

इतकी वर्षं खेळून मुंबईत त्याला ओळखत कोणी नव्हतं. चूक कुणाचीच नाही. गोलीच्या तोंडावर लोखंडी जाळी असते आणि तोंडात रबर. ना चेहरा दिसतो, ना आवाज ऐकू येतो. सगळा जन्म असा झाकून काढलेला माणूस परत आला आणि गॅलरीत बसून लोकांचे पाय बघू लागला, कारण सवय तीच.

अशात लोअर परळच्या एका क्रीडावाहिनीने बर्फावरच्या हॉकीची नवी लीग मराठीतून दाखवायचं ठरवलं. सामने व्हायचे लांब कुठे डोंगराकडच्या शहरात, आणि समालोचक बसायचे इथे, गिरणीच्या जागी उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, पडद्याकडे बघून बोलायचं. वाहिनीचे निर्माते चिंतामणी सबनीस. दादर हिंदू कॉलनीतला माणूस. इतकं शुद्ध बोलायचे की ते 'नमस्कार' म्हणाले तरी आपण शर्टाचं वरचं बटण लावावं. त्यांना मराठी बोलणारा आणि बर्फावर उभा राहिलेला असा महाराष्ट्रात एकच माणूस सापडला.

पहिल्या चाचणीत हेरंब तोंड मिटून बसला. बोलायची सवयच नाही. सबनीसांनी कपाळाला हात लावला. हेरंब चाळीत येऊन मला म्हणाला, तात्या, तुमच्यासमोर बरा बोलतंय, थय जीभ हलत नाय. मी म्हटलं, अरे, मी हुंकार देतो म्हणून तू बोलतोस. आमच्याकडे समोरच्याने 'व्हय' म्हटल्याशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. तेव्हा दुसऱ्या चाचणीला मी बरोबर गेलो. तो बोलायचा, मी मान डोलवून 'व्हय, मगे?' म्हणायचो. झरा फुटावा तसा सुटला गडी. सबनीसांनी मला ठेवून घेतलं. वाहिनीत माझं पद 'तज्ज्ञ सल्लागार'. बर्फाशी माझा संबंध उसाच्या रसापुरता.

सोबतीला आकांक्षा होती, दादरची, तिशीतली, क्रिकेटच्या समालोचनातून आलेली. पहिल्याच सामन्यात एक पक कॅमेऱ्याकडे आला, तो हेरंबने खुर्चीतून झेप घेऊन अडवला. कानावरच्या यंत्राच्या तारा तुटल्या, आकांक्षाची पाण्याची बाटली त्याच्या हातात. ती म्हणाली, काका, ती माझी आहे. त्यानंतर त्याला कमरेला पट्टा बांधून बसवू लागले.

पण लोकांना आवडला तो. बर्फात घाम कसा येतो, पक अंगाला लागण्याआधी त्याचा वारा कसा लागतो, हे त्याच्याकडून ऐकून लालबागच्या पंख्याखाली बसलेली माणसं शाल मागायची. एकदा आम्ही दादरच्या फुलबाजारातून चाललो होतो. हेरंबने शेवंतीचा भाव विचारला, आणि फुलवाली बाई हातातली परडी ठेवून उठली. म्हणाली, बर्फवाले ना तुम्ही? आवाजावरून ओळखलं. त्या दिवशी घरी येईपर्यंत हा माणूस जमिनीला टेकला नाही. मला म्हणाला, "तात्या, माका कोणी वळखीत नव्हता. आता ही खुर्ची गेली तर मी परत जाळीच्या मागे."

आणि खुर्ची जायची लक्षणं दिसतच होती. कारण हेरंबला गोलीची बाजू घेतल्याशिवाय राहवत नसे. कुठल्याही संघाचा असो. एकदा मुंबईवर गोल झाला तर याने परस्पर जाहीर केलं की तो गोल धरायचा नाही, मुंबईची गोली पोर नाक पुसत होती. निम्म्या गिरणगावाने खरं मानलं आणि पेढे वाटले. सबनीसांनी ताकीद दिली. पुढच्या सामन्यात कोलकात्याच्या गोलीवर तिघे धावून आले तेव्हा हेरंब ओरडला, मागे बघ रे पोरा, डावीकडे. आता हा आवाज डोंगरापर्यंत पोचणार कसा? पण पोराने डावीकडे बघितलं, मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सबनीसांनी दुसरी ताकीद दिली. आपल्या त्या धुतल्या-इस्त्रीच्या मराठीत म्हणाले, "परुळेकर, समालोचकाला गाव नसतं. तिसऱ्यांदा कुणाची बाजू घेतलीत, तर खुर्ची सोडायची."

हेरंबने ग्रामदेवतेची शपथ घेतली. त्यात अंतिम सामना आला, आणि तो नेमका मुंबई पेंग्विन विरुद्ध दिल्ली ध्रुव.

पेंग्विन म्हटल्यावर आमच्या भागातल्या लोकांनी संघ राणीच्या बागेचाच धरला होता. लीगमध्ये मुलगे-मुली एकत्र खेळायचे, आणि मुंबईची गोली होती मनू, गिरगावातल्या फणसवाडीची पोर. चाकांचे बूट घालून चौपाटीच्या फुटपाथवर शिकलेली. सामन्याआधी तिने हेरंबला फोन केला होता, काका, आज माझं नाव जरा जास्त वेळा घ्या, आजी ऐकणार आहे. हेरंब म्हणाला, पक अडवशील तेवढ्या वेळा घेईन.

सामना संध्याकाळी सुरू झाला. चाळीच्या पटांगणात मोठा पडदा लावलेला, आणि सगळ्यांच्या पुढे खुर्ची टाकून कुशाबा घाडी. कुशाबा आमच्या चाळीतले सर्वांत जुने. गावाकडे देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराण्याचा. देवाला उभ्याउभ्या रोखठोक सांगायचं, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, की देवाने ते ऐकलंच. स्टुडिओत काचेपलीकडे सबनीस, हाताची घडी घालून. अलीकडे हेरंब, आकांक्षा आणि स्टुलावर मी.

सुरुवात झाली तीच वाईट. मुंबईच्या दोघांना धक्काबुक्कीसाठी पंचाने शिक्षेच्या पेटीत बसवलं. राहिलेल्यांना ढकलून दिल्लीवाले पुढे आले. मनू पडद्याच्या डाव्या बाजूच्या चौकटीत, आणि पहिल्याच धडकेत तिची काठी मोडली. पोर मोडक्या दांडक्यानिशी उभी, समोरून चार जण. आकांक्षा बोलता बोलता थांबली. हेरंबचं तोंड उघडं. मला दिसत होतं, त्याच्या घशात 'मनू, पुढे ये' अडकलंय, आणि शपथेने तो ते दाबतोय. इतकं दाबलेलं कुठूनतरी बाहेर पडणारच. तो मायक्रोफोनपुढे हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा... बारा राठी, बारा वहिवाटीच्या म्हाराजा... येशीयेशीवरच्या राखणदारा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," मी म्हणालो. माझं कामच ते.

"आज ह्या बरफाच्या मळ्यात, ह्या डाव्या अंगाच्या चौकटीत तुझा लेकरू एकटा उभा आसा म्हाराजा. जो कोण काठी घेवन हय येतलो, तेची वाट चुकव. ह्या चौकटीच्या आत पक जावचो नाय, असा कर रे म्हाराजा."

घोडपदेवच्या पटांगणातून जो 'व्हय म्हाराजा' उठला, तो म्हणे भायखळ्याच्या पुलावर ऐकू गेला. लालबाग, काळाचौकी, परळ, जिथे म्हणून कोकणातलं माणूस टीव्हीपुढे होतं, तिथून उत्तर गेलं. अशी साथ कुठल्या देवळात मिळाली नसेल.

आणि पडद्यावर पक वळला. हवेत, मध्येच, शहाण्या माणसासारखा. दिल्लीच्या कप्तानाने दुसरा मारला, तो खांबाला लागून त्याच्याच बुटात गेला. तिसरा प्रेक्षकांत एका गृहस्थाच्या मक्याच्या लाह्यांत पडला. डावीकडे आत काही जाईना. वर उजव्या बाजूला मुंबईने एक गोल करून टाकला. पहिला डाव संपला तेव्हा मुंबई एक, दिल्ली शून्य.

मधल्या सुट्टीत सबनीस आत आले. त्यांनी गाऱ्हाणं जन्मात ऐकलं नव्हतं. आकांक्षाची आजी कणकवलीची, तिला सगळं कळलेलं, तरी बिचारी म्हणाली, सर, ती लोककला आहे. सबनीस म्हणाले, लोककलेत डावी चौकट कुणाची होती? त्यांनी आवाज चढवला नाही. म्हणाले, "तिसऱ्यांदा झालं, परुळेकर. सामना संपला की खुर्ची मोकळी करा. आता उठवत नाही, कारण दुसरा माणूस नाही."

हेरंबने मान खाली घातली. मी त्याला म्हटलं, जाऊ दे रे, खुर्ची गेली पण मुंबई जिंकतेय. माझं वाक्य पुरं होतंय न होतंय, तोच माझ्या खिशातला फोन थरथरला. पलीकडे कुशाबा. त्यांचा आवाज मी गिरणीच्या संपातही इतका घाबरलेला ऐकला नव्हता.

"तात्या, त्या हेरंबाक सांग. बाजू बदलली."

मी पडद्याकडे पाहिलं. बर्फावरच्या हॉकीत तीन डाव असतात आणि दर डावाला संघ बाजू बदलतात. मनू उजव्या चौकटीत येऊन उभी राहत होती. आणि डावीकडे, राखणदाराच्या ताब्यातल्या आमच्या त्या पवित्र चौकटीत, दिल्लीचा दांडगा गोली बूड टेकवून बसला होता.

जन्मभर डावानंतर बाजू बदललेला हेरंब, आणि गाऱ्हाण्याच्या भरात हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. त्यात आमच्या राखणदाराचा कायदा असा की तो जागा राखतो, माणूस राखत नाही. शेताच्या बांधावर एकदा उभा केला, की शेत कुणी विकत घेतलं याच्याशी त्याला देणंघेणं नाही. त्याला सांगितलं होतं डावी चौकट. तो डावी चौकट राखत होता.

दुसऱ्या डावात मुंबईने जे फटके मारले, तसे मी आयुष्यात पाहिले नाहीत आणि तुम्हीही पाहणार नाही. एक पक चौकटीच्या रेषेवर उभा राहिला, चाकासारखा, विचार केला, आणि परत आला. एक निम्म्यातून चिरला, अर्धा इकडून गेला, अर्धा तिकडून. दिल्लीच्या गोलीला पहिल्यांदा आपण फार मोठे खेळाडू आहोत असं वाटलं, मग शंका आली, मग त्याने हातमोजा काढून कान खाजवायला घेतला. तरी आत काही जाईना. उजवीकडे मात्र दिल्लीने एकच फटका मारला, आणि तोच मनूवर गोल झाला. डाव संपला तेव्हा एकेक.

चाळीत आधी कुशाबांना सगळ्यांनी धारेवर धरलं, त्यांनी हेरंबला, आणि मग कोणाच्या तरी डोक्यात प्रकाश पडला की तिसऱ्या डावात बाजू पुन्हा बदलणार. मनू परत डावीकडे. म्हणजे आपल्यावर गोल होणं नाही, आणि दिल्लीची चौकट सताड उघडी. पटांगणात ढोल आला. मी आनंदाने हेरंबच्या पाठीवर थाप मारली. म्हटलं, आता फक्त गप्प बस. काही करू नको. चषक आपल्या घोडपदेवला आलाच समज.

हेरंब पडद्याकडे बघत होता. तिथे पहिल्या डावातले क्षण पुन्हा दाखवत होते. पक मनूच्या अंगावरून, कानावरून, बगलेतून बाहेर वळत होते, आणि ती प्रत्येक वेळी आडवी पडून रिकामे हातमोजे बघत होती. शेवटी तिने झेप घ्यायचीच सोडून दिली होती.

"तात्या, तिका एकय पक लागलो नाय," हेरंब म्हणाला.

मी म्हटलं, बरंच झालं की, लागतं कशाला हवं?

"लागाकच व्हया. गोली त्याच्यासाठीच उभो रवता. आज मी तिचा नाव एकदाय घेवक नाय, कारण तिणा काय केलाच नाय. सगळा मी खाल्लंय तिचा."

मी त्याला समजावलं. आपल्या शहराचा विचार कर म्हटलं, ढोल आलाय म्हटलं. पण एकदा पाय रोवले की लादीसुद्धा ज्याला हलवू शकत नव्हती, त्याला मी काय हलवणार?

तिसरा डाव सुरू झाला. दिल्लीचा पहिला फटका वळून जाहिरातीच्या फळीत घुसला. हेरंबने कमरेचा पट्टा सोडला आणि उभा राहिला. काचेपलीकडे सबनीसही उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा... मगाशी माझ्या तोंडसून एक गाऱ्हाणा गेला म्हाराजा. ता मी आज हयच परत घेतंय. तुझी राखण उचल. दोनय चौकटी मोकळ्यो कर. ज्याच्यात जीव आसा, त्याका यश दी रे म्हाराजा."

आणि थांबला. आता 'व्हय' हवा होता.

मी गप्प बसलो. मी घोडपदेवचा माणूस आहे, जिंकलेला चषक मी आपल्या तोंडाने परत देईन काय? फोन कानाला होता. पलीकडे पटांगणात दोन हजार माणसं, आणि टाचणी पडेल तर ऐकू येईल. कुशाबांनी हाताने सगळ्यांना दाबून धरलं होतं म्हणे. लालबाग गप्प. परळ गप्प. अख्ख्या गिरणगावाने ओठ मिटले होते.

घातलेलं गाऱ्हाणं उत्तराविना लोंबकळत राहिलं, याहून वाईट गोष्ट नाही. देवालाही कळत नाही काय करावं. तिकडे बर्फावर पक मधल्या वर्तुळात भोवऱ्यासारखा जागच्या जागी फिरायला लागला. दहा जणांनी काठ्या घातल्या, एकालाही लागेना. पंच शिट्टी तोंडात धरून बघतोय. आकांक्षा माझ्याकडे बघतेय. हेरंब हात जोडून उभा.

आणि टीव्हीवर शांतता. हे टीव्हीवाल्यांचं एक दुखणं असतं. स्टुडिओला आग लागली तर ते हलणार नाहीत, पण हवेत शांतता गेली की त्यांच्या छातीत कळ येते. सबनीसांचा चेहरा आधी लाल, मग पांढरा. मी देईना तो हुंकार आपणच द्यावा म्हणून त्यांनी हेरंबच्या कानात बोलायचं बटण दाबायला हात घातला, घाईत शेजारचं दाबलं, आणि त्या स्वच्छ, काठापदरी मराठीत त्यांचा आवाज अख्ख्या महाराष्ट्रात गेला.

"होय, महाराज."

फोनमध्ये कुशाबांनी विचारलं, ह्या कोण बोल्ला? मी म्हटलं, निर्माते, दादर हिंदू कॉलनी. कुशाबा म्हणाले, "चलात." म्हणजे तो 'होय'सुद्धा देवाला चालेल. आणि मग त्यांना लाज वाटली असावी. जिथे घाड्यांनी बोलायचं तिथे हिंदू कॉलनी बोलून गेली म्हटल्यावर माणसाने तोंड दाखवायचं कुठे? त्यांनी हात वर केला, आणि पटांगणातून 'व्हय म्हाराजा' असा आला की लोअर परळच्या त्या इमारतीच्या काचा ताशासारख्या वाजल्या. मीही म्हणालो. जोरातच म्हणालो.

राखणदार उठला. आता दिवसभर अडवून धरलेलं पाणी सोडल्यावर काय होतं? मगाशी वाट चुकलेले सगळे गोल एकदम यायला लागले. दिल्लीने केला, मुंबईने केला, परत दिल्लीने. दोन्ही बाजूंना जाळ्या फाटल्या. फलकावर आकडे बदलणारी मुलगी घामाघूम झाली, बर्फाच्या मैदानात. हेरंब आणि आकांक्षा इतक्या वेगाने बोलत होते की मला हुंकार द्यायला श्वास पुरेना, मी नुसती मान हलवत होतो.

शेवटच्या मिनिटात दोघे बरोबरीवर, आणि दिल्लीचा कप्तान एकटा सुटला. पुढे फक्त मनू. चाळ ओरडत होती, मी ओरडत होतो, काचेपलीकडे सबनीस काहीतरी ओरडत होते, ऱ्हस्व-दीर्घासकट. हेरंब मात्र शांत. मनू चौकट सोडून पुढे आली, आडवी घसरली, आणि पक तिच्या तोंडावरच्या जाळीवर असा बसला की आवाज आमच्या स्टुडिओत घुमला. वळला नाही. तिलाच लागला. हेरंब म्हणाला, "मनूने अडवला. मनू, गिरगाव, फणसवाडी. मनूने अडवला." तीनदा नाव घेतलं, आजीसाठी.

तो पक उसळून बाजूला पडला, आणि मागून आलेल्या दिल्लीच्या एका पोराने तो उचलून तिच्या अंगावरून जाळीत टाकला. शिट्टी. सामना संपला. दिल्ली एका गोलने पुढे.

हेरंब त्याच आवाजात म्हणाला, "गोल. फार चांगला गोल."

फोनमधून चाळीने जे शब्द वापरले ते मी इथे लिहीत नाही. ते मालवणीत जितके गोड वाटतात तितके कागदावर वाटत नाहीत.

हेरंबने कानावरचं यंत्र काढून टेबलावर ठेवलं, खुर्ची नीट आत सरकवली, आणि जायला निघाला. सबनीस दारातच उभे. दोन्ही हातांत फोन, दोन्ही कानांना. एका कानात मुंबई होती: हातातला चषक घालवला, या दिल्लीधार्जिण्या माणसाला आधी हाकला. दुसऱ्या कानात दिल्ली होती, जिंकलेली: पहिल्या डावात आमचे निदान सहा गोल या माणसाने मंत्र म्हणून अडवले, आधी त्याला हाकला. सबनीस दोन्हीकडे 'हो, हो' म्हणत होते. बराच वेळ म्हणत राहिले. मग दोन्ही फोन खिशात घातले आणि हेरंबकडे असे बघू लागले, जसा सोनार कसोटीच्या दगडाकडे बघतो.

"परुळेकर," ते म्हणाले, "दोन्ही शहरांकडून सारख्याच शिव्या खाणारा समालोचक माझ्या उभ्या नोकरीत मला मिळाला नव्हता. सोमवारी कोलकाता विरुद्ध गुवाहाटी आहे. वेळेवर या."

हेरंबच्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, खुर्ची राहिली रे बाबा, पण आता चाळीत जायचं कसं?

गेलो. गॅलऱ्यांत माणसं ओळीने उभी. जिन्यावर हेरंबचे गुडघे तेवढे वाजत होते. तोच त्याचा फोन वाजला. मनू होती. हेरंबने मोठ्या आवाजावर लावला, घाबरून, कारण हरलेल्या पोरीला एकट्याने ऐकायचं त्याचं धाडस नव्हतं. ती पोर हसत होती. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलंय म्हणाली, जाळी आत वाकलीय म्हणाली, आजी शेजाऱ्यापाजाऱ्यांना गोळा करून सांगतेय की आमच्या मनूने तोंडाने अडवला. आणि म्हणाली, "काका, सबंध सामन्यात तो एकच मला लागला. काय मस्त लागला."

गॅलरीत कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, तशी अडवली चांगलीच हां पोरीन. बघता बघता सगळी चाळ पुन्हा पटांगणात. वाहिनीवर सामना परत दाखवत होते. हेरंबला पुढे बसवलं, चहा आला, त्याच्या हाताला धरून कुशाबा शेजारी बसले. पडद्यावर पुन्हा दिल्लीचा कप्तान एकटा सुटला, पुन्हा मनू पुढे आली, पुन्हा पक तिच्या तोंडावर बसला, आणि सगळी चाळ पुन्हा उठून नाचली.

पक उसळून बाजूला पडला, मागून ते दिल्लीचं पोर यायला लागलं. कुशाबा हळूच हेरंबच्या कानाशी वाकले. विचारलं, ह्या जुनाच दाखवतत ना? मग आता ह्या पोराच्या वाटेत एक बारीकसा गाऱ्हाणा घातला तर?

"आबा," हेरंब हात जोडून म्हणाला, "माझी खुर्ची आत्ताच वाचली हा."